झाशीचं आकाश आणि सव्वापाच विकलांचा हिशेब

झाशीला पोस्टिंग आली म्हटलं की गावाकडचा प्रत्येक जण एकच विचारतो, "किल्ला बघितलास का?" बघितला. एकदा नाही, चार वेळा बघितला. पण किल्ल्याबद्दल आणि राणीसाहेबांबद्दल लिहिणारी माझ्यापेक्षा जाणती माणसं पुष्कळ आहेत. मला आज लिहायचंय ते झाशीच्या आकाशाबद्दल. या भागाच्या आसपास जवळजवळ दोनशे वर्षांपूर्वी काही माणसांनी रात्रीचं आकाश कोनात मोजलं, जमीन साखळीने आणि गजाने मोजली, आणि दोन्ही हिशेब एकमेकांशी लावून बघितले. हिशेब जुळला नाही. फरक होता सव्वापाच विकलांचा. त्या एवढ्याशा फरकातून जगाला एक मोठी गोष्ट कळली. ती काय, हे सांगण्यासाठी हा लेख.

आधी कोनाबद्दल थोडं, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. मी तोफखान्यात सर्व्हेच्या कामावर आहे. तोफ नक्की कुठे उभी आहे आणि उत्तर नक्की कुठल्या बाजूला आहे, एवढं अचूक सांगणं हा आमचा धंदा. देवळालीला शिकताना पहिल्याच आठवड्यात डोक्यात भरतात की वर्तुळाचे 360 अंश हे शाळेत, इथे वर्तुळाचे 6400 मिल. एक मिल म्हणजे एक किलोमीटरवर साधारण एक मीटर. पौर्णिमेचा चंद्र आपल्याला केवढा मोठा वाटतो, पण तो जेमतेम अर्धा अंश भरतो, म्हणजे नऊ मिल. आकाशात कुठल्याही वस्तूचा आकार इंचात किंवा फुटात सांगता येत नाही. "थाळीएवढा चंद्र" असं आपण म्हणतो, पण ती थाळी किती लांब धरलेली, हे कुणी सांगत नाही. म्हणून आकाशाचं माप एकच, कोन.

आणि हे माप प्रत्येकाच्या खांद्याला टांगलेलं असतं. हात समोर ताठ धरा, एक डोळा मिटा. करंगळीची रुंदी साधारण एक अंश. मधली तीन बोटं जोडून साधारण पाच अंश. मूठ साधारण दहा अंश. वीत पूर्ण ताणली तर वीसच्या थोडी वर. ज्याचा हात मोठा त्याची बाहीही लांब असते, त्यामुळे हे प्रमाण बहुतेकांना लागू पडतं. तरी आपली मूठ एकदा तपासून घ्यावी. सप्तर्षींमधले क्रतू आणि पुलह, म्हणजे ज्यांच्या रेषेवर आपण ध्रुव शोधतो ते दोन तारे, एकमेकांपासून सुमारे 5.4 अंशांवर आहेत. तीन बोटं त्यांच्यामध्ये जवळजवळ बसली की समजा हात बरोबर आहे.

इथे बबीना बाजूच्या मैदानावर रात्रीचा सराव चालू असताना आमच्यातल्या कोल्हापूरकडच्या एका नव्या पोराने विचारलं, "उस्ताद, ध्रुव इथं गावापेक्षा वर दिसतोय का हो, का मलाच तसं वाटतंय?"

मी म्हटलं, "वाटतंय कशाला? मोज की."

त्याने मुठीवर मूठ ठेवून क्षितिजापासून मोजलं. अडीच मुठी. मग सुट्टीच्या दिवशी गावाकडे धाकट्या भावाला फोन लावून त्यालाही मळ्यात उभं करून मोजायला लावलं. भाऊ म्हणाला, दीड मुठीच्या जरा वर. म्हणजे कोल्हापूर ते झाशी ध्रुव जवळजवळ एक मूठ वर सरकला. पुस्तकातला आकडा बघायचा तर कोल्हापूरचा अक्षांश 16.7 आणि झाशीचा 25.45; फरक पावणेनऊ अंशांचा. दोन भावांच्या दोन मुठींनी काढलेलं उत्तर काही वाईट नव्हतं. ध्रुवाची उंची म्हणजेच त्या जागेचा अक्षांश, हे त्याला मग वेगळं शिकवावं लागलं नाही. (ध्रुवतारा खऱ्या ध्रुवबिंदूपासून आज अर्ध्या अंशाहून थोडा जास्त बाजूला आहे, म्हणून तोही छोटीशी प्रदक्षिणा घालतो. मुठीच्या मापात तेवढं दिसत नाही.)

त्याच पोराचा पुढचा प्रश्न जास्त चांगला होता: "मग सगळं आकाश किती मोठं?" त्याचंही उत्तर आहे. जसं शेत चौरस मीटरमध्ये, तसं आकाश चौरस अंशांमध्ये मोजतात. एक अंश लांब आणि एक अंश रुंद असा तुकडा म्हणजे एक चौरस अंश. पूर्ण आकाशगोल भरतो 41,253 चौरस अंश. कुठल्याही क्षणी त्यातलं निम्मं आपल्या डोक्यावर असतं, निम्मं पायाखाली. चंद्राची चकती फक्त एक पंचमांश चौरस अंश झाकते. सगळं आकाश लिंपायचं म्हटलं तर दोन लाखांच्या वर पौर्णिमेचे चंद्र लागतील.

झाशीवरून मात्र सगळं आकाश कधीच दिसत नाही. ध्रुवाभोवती साडेपंचवीस अंशांच्या आतलं सुमारे 2000 चौरस अंशांचं आकाश इथे कधी मावळत नाही, आणि दक्षिणेचं तेवढंच आकाश इथे कधी उगवत नाही. अगस्त्य तारा आमच्या सातारा भागात थंडीत चांगला दोन मुठी वर येतो. इथे तो उत्तम स्थितीतही बारा अंशांच्या वर चढत नाही. झाडं आणि धुकं यांच्यातून शोधावा लागतो. पोस्टिंग बदलली की भाषा, पाणी, डाळीची चव बदलते, तसा आकाशाचा वाटाही बदलतो. उत्तरेला गेलं की ध्रुव वर चढतो आणि दक्षिणेचे तारे हातचे जातात.

आता मुद्द्याकडे येऊ. ध्रुव किती वर चढला हे कळलं आणि आपण किती चाललो हेही कळलं, तर पृथ्वी केवढी हे काढता येतं. ही कल्पना फार जुनी आहे. आपल्या भास्कराचार्यांनी 1150 च्या 'सिद्धान्तशिरोमणी'त ही रीत सांगितली आहे: एकाच याम्योत्तर रेषेवरची, म्हणजे सरळ दक्षिणोत्तर असलेली, दोन गावं घ्यायची, त्यांच्या अक्षांशांतला फरक काढायचा, मधलं अंतर मोजायचं, आणि त्रैराशिक मांडायचं. एवढ्या अंशांना एवढी योजनं, तर 360 अंशांना किती? त्यांनी पृथ्वीचा परीघ 4967 योजनं दिला आहे. याच भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी त्यांचा नातू चांगदेव याने मठ काढला. तो शिलालेख चाळीसगावजवळच्या पाटण्याला आहे.

झाशीसाठी असं सरळ दक्षिणोत्तर जोडीदार गाव शोधायचं तर ते महाराष्ट्रातच सापडतं: वर्धा जिल्ह्यातलं हिंगणघाट. दिल्लीहून चेन्नईकडे जाणारी गाडी झाशीवरून जाते तशी हिंगणघाटवरूनही जाते. झाशीचा अक्षांश 25 अंश 27 कला, हिंगणघाटचा 20 अंश 33 कला. फरक 4 अंश 54 कला, म्हणजे 4.9 अंश. दोन्हींमधलं सरळ दक्षिणोत्तर अंतर सुमारे 543 किलोमीटर. भागाकार केला की एका अंशाला 110.8 किलोमीटर, 360 ने गुणलं की 39,900 च्या आसपास. पृथ्वीचा ध्रुवांवरून जाणारा खरा परीघ 40,008 किलोमीटर आहे. शंभरेक किलोमीटर कमी पडले.

हे शंभर किलोमीटर मोजणाऱ्याच्या हातून सांडलेले नाहीत. पृथ्वी ध्रुवांपाशी थोडी चपटी आहे, त्यामुळे विषुववृत्ताजवळ एक अंश 110.6 किलोमीटरचा, तर ध्रुवाजवळ 111.7 किलोमीटरचा भरतो. आपण दक्षिणेकडचा तुकडा घेतला, म्हणून उत्तर कमी आलं. नेमकी किती चपटी, हा अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकातला मोठा प्रश्न होता. दर्यावर्दींना, नकाशे करणाऱ्यांना, सगळ्यांनाच त्याचं उत्तर हवं होतं. त्यासाठी भारतात जी मोजणी झाली तिला ग्रेट आर्क म्हणतात, आणि ती सुरू करणारा माणूस, विल्यम लॅम्बटन, हिंगणघाटलाच पुरलेला आहे.

लॅम्बटन हा पायदळातला अधिकारी. त्याची एक गोष्ट प्रत्येक फौजीला आवडेल. 1799 साली श्रीरंगपट्टणच्या वेढ्यात जनरल बेअर्डची तुकडी रात्रीच्या अंधारात निघाली होती. लॅम्बटनने वर ताऱ्यांकडे बघितलं आणि त्याच्या लक्षात आलं की तुकडी उत्तरेऐवजी दक्षिणेला, म्हणजे थेट टिपूच्या फौजेच्या तोंडात चालली आहे. त्याने सांगितलं, तुकडी वळली. रात्री रस्ता चुकणं काय असतं हे ज्याने अनुभवलंय, त्याला या गोष्टीची किंमत सांगायला नको.

पुढे 10 एप्रिल 1802 ला याच लॅम्बटनने मद्रासजवळ सेंट थॉमस माउंटच्या पायथ्याला साडेसात मैलांची पायारेषा पोलादी साखळीने मोजायला घेतली. पद्धत अशी: एक बाजू जमिनीवर प्रत्यक्ष मोजायची. मग तिच्या दोन टोकांवरून लांबच्या टेकडीवरची खूण बघून कोन घ्यायचे. एक बाजू आणि दोन कोन कळले की त्रिकोणाच्या उरलेल्या बाजू गणिताने निघतात. त्या बाजूवर पुढचा त्रिकोण, त्यावर त्याच्या पुढचा. असे त्रिकोण विणत दक्षिणेपासून उत्तरेकडे जायचं. कोन मोजायला अर्ध्या टनाचं थिओडोलाइट, ते टेकड्यांवर आणि देवळांच्या गोपुरांवर माणसांनी चढवायचं. ताऱ्यांचे कोन घ्यायला वेगळं यंत्र. 20 जानेवारी 1823 ला नागपूरकडे जाताना हिंगणघाटला लॅम्बटन वारला. वीस वर्षं त्याने हेच काम केलं होतं.

त्याच्या हाताखालच्या जॉर्ज एव्हरेस्टने काम पुढे नेलं. विदिशा जिल्ह्यातल्या सिरोंजजवळ 1824-25 मध्ये त्याने पायारेषा मोजली. तिथलं कल्याणपूर हे ठाणं पुढे हिंदुस्थानच्या सगळ्या नकाशांचा मूळबिंदू झालं. आमच्या पिढीतल्या सर्व्हेवाल्यांनी ज्या जुन्या टोपोशीटवर काम शिकलं, त्यांचा पाया हाच. कल्याणपूर झाशीपासून नैऋत्येला दीडशे-पावणेदोनशे किलोमीटरवर. तिथून त्रिकोणांची साखळी बुंदेलखंड-ग्वाल्हेरच्या अंगाने, झाशीच्या पश्चिमेला सुमारे नव्वद किलोमीटरवरून उत्तरेला गेली, चंबळ ओलांडून दुआबात उतरली आणि डेहराडूनला पोचली. दुआबात टेकडी म्हणून नाही, नुसतं सपाट मैदान आणि धूळ. तिथे पन्नासेक फूट उंचीचे पक्के मनोरे बांधावे लागले. दिवसा धुळीत काही दिसेना, म्हणून एव्हरेस्टने निरीक्षणं रात्री दिव्यांवर घेतली. रात्री थंड हवेत प्रकाश थोडा वाकून येतो आणि क्षितिजाआडचा दिवाही वर उचलल्यासारखा दिसतो, हे त्याने हेरलं होतं. डेहराडूनला पोचल्यावर तिथली पायारेषा प्रत्यक्ष मोजली आणि त्रिकोणांच्या गणिताने आलेल्या लांबीशी ताडून बघितली. सहाशे किलोमीटरच्या वर चालून आल्यावर सात मैलांच्या रेषेत फरक निघाला काही इंचांचा. माझ्या धंद्यातला कुणीही हे वाचून टोपी काढेल.

या कामात फक्त साहेब लोक नव्हते. झेंडेवाले, दिवेवाले, यंत्र उचलणारे खलाशी, गाडीवान, जंगल तोडणारे मजूर, अशी शेकडो माणसं होती. जंगलातल्या तापाने कितीतरी गेली. यंत्रांची देखभाल अर्काटच्या सय्यद मीर मोहसीन हुसेन यांच्याकडे आली. इंग्लंडहून आलेल्या कारागिराच्या तोडीचं काम त्यांनी केलं. आकडेमोडीला बंगालचे राधानाथ सिकदार होते, 1831 मध्ये अगदी तरुण वयात ते या खात्यात लागले.

आता आकाशाची बाजू. त्रिकोणांनी जमिनीवरचं अंतर दिलं. त्यावरून दोन टोकांमध्ये किती अंशांचा फरक असायला हवा हे गणिताने निघतं. तोच फरक आकाशाकडे बघून स्वतंत्रपणे काढायचा. ध्रुव मुठीला ठीक, पण बारीक मापाला नाही, कारण क्षितिजाकडे हवेमुळे प्रकाश वाकतो. त्यासाठी डोक्यावरून जाणारे तारे घेतात. कृत्तिकांचं उदाहरण घ्या. आजच्या काळात कृत्तिका कल्याणपूरच्या जवळजवळ थेट डोक्यावरून जातात. झाशीला त्या माथ्याच्या सव्वा अंश दक्षिणेला असतात, साताऱ्याला साडेसहा अंश उत्तरेला. डिसेंबरच्या मध्याला रात्री साडेदहाच्या सुमारास मान वर करून कुणीही बघावं. एकच तारा दोन गावांहून माथ्यापासून किती सरकलेला दिसतो, त्यातला फरक म्हणजे दोन गावांच्या अक्षांशांतला फरक.

एव्हरेस्टने उत्तरेचं टोक डेहराडूनला न धरता अलीकडे मुझफ्फरनगर भागातल्या कलियाना या ठाण्यावर धरलं. हिमालय फार जवळ नको म्हणून. मग 1839 च्या थंडीपासून कलियाना आणि कल्याणपूर या दोन टोकांवर दोन सारखी यंत्रं लावून, त्याच रात्री तेच तारे बघितले गेले. ताऱ्याच्या जागेबद्दल पुस्तकात काही चूक असली तरी ती दोन्हीकडे सारखीच येईल आणि वजाबाकीत उडून जाईल, हा त्यामागचा हिशेब. एका टोकाला एव्हरेस्ट, दुसऱ्याला अँड्र्यू वॉ.

जमिनीवरच्या त्रिकोणांनी उत्तर दिलं: 5 अंश 23 कला 42.294 विकला. आकाशाने उत्तर दिलं: 5 अंश 23 कला 37.058 विकला. फरक 5.236 विकला.

विकला म्हणजे अंशाचा 3600 वा भाग. 5.236 विकला म्हणजे किती, तर एक इंचाची वस्तू एक किलोमीटरवर ठेवली की ती डोळ्याला जेवढा कोन करेल तेवढा. एवढ्यासाठी कोण रडत बसेल? पण जमिनीवर एक विकला म्हणजे साधारण 31 मीटर, आणि सव्वापाच विकला म्हणजे 160 मीटरच्या वर. ज्या माणसांनी साडेसात मैलांत काही इंच चुकवले नाहीत, त्यांचे 160 मीटर कुठे गेले?

सर्व्हेत एक रीत असते. मोजत मोजत फिरून मूळ खुणेवर आलो की थोडा फरक उरतोच. तो ठरलेल्या मर्यादेत असेल तर सगळ्या टप्प्यांवर थोडा थोडा वाटून टाकायचा. यात काही लबाडी नाही, हीच रीत आम्हालाही शिकवतात. एव्हरेस्टने तेच केलं. फरक मोजणीतल्या बारीक चुकांचा मानला आणि साखळीत वाटून टाकला. 1847 मध्ये त्याचा ग्रंथ छापून आला, तोवर तो निवृत्त होऊन इंग्लंडला परतला होता.

पण कलकत्त्यात जॉन प्रॅट नावाचा एक पाद्री होता, मुळात गणिती. त्याने विचारलं की चूक त्रिकोणांत नसून ओळंब्यात असेल तर?

हा ओळंबा गवंड्याच्या हातात असतो तोच. तारा माथ्यापासून किती सरकलाय हे बघायचं तर आधी माथा ठरला पाहिजे, आणि तो ठरवतो ओळंबा. दोरीला वजन बांधून सोडलं की ते पृथ्वीच्या मध्याकडे लोंबतं आणि त्याच्या उलट दिशेला माथा. पण शेजारी मोठा डोंगर असेल तर तोही वजनाला स्वतःकडे किंचित ओढतो. मग ओळंबा तिरका, माथा तिरका, आणि आकाशाचं मापही तिरकं. ही नुसती कल्पना नव्हती. 1774 मध्ये स्कॉटलंडमधल्या शिहॅलियन डोंगराच्या दोन बाजूंना मॅस्केलाइनने ओळंबा सरकलेला प्रत्यक्ष मोजला होता. हिमालय तर केवढा! तो कलियानाच्या ओळंब्याला उत्तरेकडे जास्त ओढणार, लांबच्या कल्याणपूरच्या ओळंब्याला कमी, आणि आकाशाने दिलेला फरक खऱ्याहून लहान येणार. आकडे बघा, तसाच आला होता.

प्रॅटने हिमालय आणि तिबेटच्या पठाराचं वजन अंदाजून ओढ किती हवी ते काढलं. उत्तर आलं 15.885 विकला. आणि प्रश्न उलटा झाला. आधी विचारत होते, फरक का आला? आता विचारायची पाळी आली, फरक एवढा कमी का? तिपटीने जास्त यायला हवा होता. एवढा मोठा हिमालय आपल्या वजनाच्या एक तृतीयांशच का ओढतो?

प्रॅटचा निबंध 1855 मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीत छापला गेला आणि त्याच वर्षी इंग्लंडचा राजज्योतिषी जॉर्ज एअरी याने उत्तर सुचवलं. पाण्यावर तरंगणारे ओंडके बघा, तो म्हणाला. जो ओंडका पाण्याच्या वर जास्त दिसतो, तो पाण्याखालीही जास्त खोल असतो. डोंगर तसेच. पृथ्वीच्या आतल्या जड थरावर हलका थर तरंगतो, आणि डोंगर जितका उंच तितकं त्याचं हलक्या दगडाचं मूळ खोल. वरचं वजन ओढतं, पण खाली जिथे जड दगड असायला हवा तिथे हलका असल्याने ओढ कमी पडते. प्रॅटने पुढे स्वतःचं वेगळं उत्तर मांडलं: मूळ सगळ्यांचं सारख्याच खोलीवर, पण डोंगराखालचा दगड फुगलेल्या कणकेसारखा हलका. आज भूशास्त्र दोघांचाही काही भाग धरून चालतं, पण हिमालयाखाली खरोखर खोल मूळ आहे हे भूकंपाच्या लाटांवरून सिद्ध झालं आहे. समुद्राचा तळ खोल का आणि खंड वर का, डोंगर झिजले तरी पुन्हा वर का उचलले जातात, या सगळ्या विचारांची सुरुवात त्या सव्वापाच विकलांपासून झाली.

गंमत बघा. ज्या पर्वतांनी एव्हरेस्टचा ओळंबा ओढला, त्यांच्यातल्याच सर्वांत उंच शिखराला पुढे त्याचं नाव दिलं गेलं.

या गोष्टीला दुसरी बाजूही आहे, आणि झाशीत बसून ती लिहिली नाही तर अर्धंच सांगितल्यासारखं होईल. कंपनी सरकार पृथ्वीचा आकार कळावा म्हणून एवढा पैसा ओतत नव्हतं. नकाशा हवा होता तो सारा वसूल करायला, फौजा हलवायला. कल्याणपूर-कलियानाला तारे बघणं चालू होतं तेव्हा झाशीत रघुनाथराव नुकतेच, 1838 मध्ये, वारले होते आणि कंपनीने कारभार हातात घेतला होता. तो काही वर्षांनी गंगाधररावांना परत मिळाला. 21 नोव्हेंबर 1853 ला गंगाधरराव गेले, 1854 मध्ये संस्थान खालसा झालं. प्रॅट हिमालय तोलत होता त्याच काळातली ही गोष्ट. चार वर्षांनी, मार्च 1858 मध्ये, ह्यू रोझच्या तोफा किल्ल्याभोवती लागल्या. त्या वेढ्यात आपले वरसईचे विष्णुभट गोडसे शहरातच होते. अंतर आणि कोन ही तोफेची भाषा आहे, तीच आकाशाची. ज्या हातांनी तारा मोजला जातो, त्याच हातांनी तटबंदीही मोजली जाते. माझ्या धंद्यातल्या माणसाने हे विसरू नये असं मला वाटतं.

पण सव्वापाच विकलांचा धडा मला रोजच्या कामात जास्त उपयोगी पडतो. फरक उरला की आपण दोन गोष्टी करतो. एक तर ज्याचं माप चुकलं असेल त्याच्यावर ओरडतो, नाहीतर वाटून टाकून मोकळे होतो. तिसरी गोष्ट फार कमी जण करतात: ज्यावर आपला पूर्ण भरवसा आहे, त्या ओळंब्याकडेच एकदा संशयाने बघणं. एव्हरेस्ट काही निष्काळजी नव्हता, त्याच्याइतका काटेकोर माणूस शोधून सापडणार नाही. आणि त्याचं मोठेपण असं की दोन्ही आकडे त्याने तीन दशांश स्थळांपर्यंत जसेच्या तसे छापले. फरक वाटून टाकला, पण लपवला नाही. छापला होता म्हणूनच प्रॅटला तो सापडला. लॉगबुकमधला आकडा खोडून "जमवलेला" लिहिणाऱ्या पोरांना मी आता ही गोष्ट सांगतो.

वाचकहो, हा लेख वाचून झाल्यावर एक करा. आज रात्री गच्चीवर किंवा शेतात जा, हात ताठ धरा आणि ध्रुव किती मुठी वर आहे ते मोजा. कुठून मोजलं ते गाव आणि किती मुठी, दोन्ही वहीत लिहा. दुसऱ्या गावी असलेल्या बहिणीला, मित्राला मोजायला सांगा. पुस्तकाशी आकडा जुळला नाही तर तो पुस्तकाप्रमाणे दुरुस्त करू नका. जसा आला तसा राहू द्या, आणि शेजारी तारीख घाला.